ओमानमध्ये म्हणे पाऊसच पडत नाही!

ट्रॅव्हल ग्रुपांवर तो ओमानचा फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. देश सगळा वाळूचा, पाऊस पडतच नाही, पाणी फक्त समुद्राचं गोडं केलेलं, पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त, देवळाला परवानगी नाही आणि टॅक्स शून्य. थक्क व्हायला होतं खरं, पण लिहिणाऱ्याच्या आत्मविश्वासाने. लोक असलं वाचून तिकिटं काढतात, म्हणून एकेक घेऊ.

"सगळी वाळू". ओमान साधारण आपल्या महाराष्ट्राएवढा, 3 लाख 9 हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. वाळूच्या टेकड्या आहेत, शर्कियाला आणि सौदीच्या बाजूला रब अल खालीत, पण बाकी बराच भाग खडे-मुरमाचा सपाट माळ आहे आणि उत्तरेला हजरचे उघडेबोडके डोंगर. त्यातला जबल शम्स 3,000 मीटरच्या घरात, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट, आणि थंडीत तिथे पारा शून्याखालीही जातो, तेव्हा जाडं स्वेटर घेऊन जा.

"पाऊस पडतच नाही" हे तर कहरच. दक्षिणेला सलालाह आहे, तिथे जूनअखेर ते सप्टेंबर 'खरीफ' नावाचा पावसाळा असतो, आपल्याकडे येतो त्याच नैऋत्य मान्सूनची ही कड. धो धो पाऊस नाही पडत, वाऱ्यामुळे समुद्रातलं थंड पाणी वर येतं, हवा गार होते आणि धुकं सलालाहमागच्या धोफारच्या डोंगरांना अडून बसतं, मग भुरभुर चालूच, डोंगर हिरवेगार, आणि मस्कत चाळिशीत भाजत असताना इथे पंचवीसच्या आसपास. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर शहाळी, केळी, पपया. आखातातली लोकं गाड्या काढून हे बघायला येतात आणि आपण फॉरवर्ड वाचून म्हणणार, "जुलैत वाळवंट? नको रे बाबा."

आणि उत्तरेतही पडतो, क्वचित, पण पडला की पुरता धुऊन काढतो. 2007 च्या जूनमध्ये गोनू चक्रीवादळाने मस्कतची दैना केली, सुमारे 50 माणसं गेली. 2024 च्या एप्रिलमध्ये वाद्या, म्हणजे एरवी कोरडी पात्रं, एवढ्या भरून आल्या की शाळकरी मुलंसुद्धा वाहून गेली. भरलेल्या वादीत गाडी घालणं तिथे गुन्हा आहे. तेव्हा पात्रात तंबू ठोकायचा प्लॅन असेल तर आधी हवामान बघा, भले डोक्यावर आभाळ निरभ्र असो, पाऊस वर डोंगरात पडलेला असू शकतो.

समुद्राच्या पाण्याचं अर्धं खरंय, शहरांत प्यायचं पाणी मुख्यतः तसंच येतं. पण गावांतले फलज विसरून कसं चालेल? डोंगरापायथ्याचं भूजल नुसत्या उताराने, पंप नाही काही नाही, पाटाने गावात आणायचं. असे सुमारे 3,000 आजही वाहतायत, त्यातले 5 युनेस्कोने 2006 मध्ये जागतिक वारशात घेतले, निझवाचा फलज दारिस त्यातलाच. पाटाच्या सुरुवातीला प्यायला पाणी, मग मशीद, धुणंपाणी, आणि शेवटी खजुराच्या बागा. बागांच्या पाळ्या वेळेवर वाटलेल्या, दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजायचे, आता बऱ्याच ठिकाणी घड्याळ आलंय. पाळीपत्रकावरून भांडलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे पाच मिनिटांत कळेल.

पेट्रोलचं जुनं झालं. 2016 च्या जानेवारीत सरकारने सबसिडी काढली, तेव्हापासून भाव चढलेत. आपल्यापेक्षा स्वस्त आहे, तेवढंच.

देऊळ? मस्कतमध्ये सुलतानाच्या अल आलम राजवाड्याजवळ शंकराचं जुनं देऊळ आहे, 2018 मध्ये पंतप्रधान मोदी तिथे दर्शनाला गेले होते. कृष्णाचंही आहे. इतकंच काय, मूळच्या कच्छच्या कनकसी खिमजींना तिथल्या सुलतानाने शेख ही पदवी दिली होती, हिंदू माणसाला! आता तिकडे सगळं आपल्यासारखंच मोकळं आहे असं मी म्हणत नाही, पण "परवानगीच नाही" ही शुद्ध थाप.

राहिला टॅक्स. 2021 च्या एप्रिलपासून 5 टक्के व्हॅट लागतोच, हॉटेलचं बिल बघा. इन्कम टॅक्ससुद्धा 2028 पासून लावायचं 2025 मध्ये जाहीर झालंय, वर्षाला 42,000 रियालच्या वर कमावणाऱ्यांना 5 टक्के, म्हणजे फिरायला जाणाऱ्या तुम्हाआम्हाला त्याची काळजी नाही.