एक वायर वाढवली आणि अख्ख्या पॅनलचे वायर नंबर सरकले

कालपासून डोकं भणभणतंय, आज लिहूनच टाकते, नाहीतर उद्या ऑफिसात कोणावर तरी निघेल आणि तो बिचारा उगाच बोलणी खाईल.

झालं असं. मी कंट्रोल पॅनलची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या विजेच्या कपाटाची, ड्रॉइंग सॉफ्टवेअरवर काढते, आणि खाली वायरमन त्यावरून वायरी घालतो. तर एका पॅनलचं वायरिंग अर्ध्यावर आलेलं. पॉवर साईड पूर्ण, कंट्रोलच्या वायरी चालू. आणि कस्टमरचा मेल आला की मशीनच्या गार्डच्या, म्हणजे संरक्षक जाळीच्या, दरवाजाला एक स्विच वाढवा, सेफ्टीसाठी नाही, फक्त स्क्रीनवर दार उघडं आहे असं दिसलं पाहिजे. ठीक आहे ना, पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला, इनपुट रिकामा होता, एक १३-१४ चा (एरवी उघडा असणारा) कॉन्टॅक्ट टाकायचा, २४ व्होल्टची वायर तिथे आधीच आहे, तिचा नंबर तोच राहणार, म्हणजे नवीन नंबर लागणार फक्त एक. एक! शीट नंबर १४ उघडली, सिम्बॉल टाकला, जोडला, दोन मिनिटांचं काम. मग वायर नंबरिंगची कमांड दिली. त्या खिडकीत दोन पर्याय असतात, फक्त नवीन वायरींना नंबर द्या किंवा सगळ्यांना नव्याने द्या, आणि हे दिव्य सॉफ्टवेअर मागच्या वेळी जे निवडलेलं असेल तेच लक्षात ठेवतं, आणि मागच्या वेळी मी दुसऱ्याच प्रोजेक्टला सुरुवातीपासून नंबर दिले होते. मी ओके केलं. शीट १४ पासून पुढचा प्रत्येक नंबर एकने सरकला. कुठे काही लाल झालं नाही, काही वाजलं नाही, विचारलं नाही. पीडीएफ काढली, रिव्हिजन वाढवली, खाली पाठवली, वर "झालं बघ पटकन" असं स्वतःवरच खूश.

काल सकाळी वायरमन वर आला, हातात फेरूलची, म्हणजे वायरीच्या टोकावर चढवायच्या नंबरवाल्या नळ्यांची, पट्टी. "मॅडम, २१८ दोन झालेत."

मला आधी कळेचना. मग तो म्हणाला, "काल तुमच्या ड्रॉइंगवरून २१८ घातला तो रिलेला गेला, आज नवीन ड्रॉइंगमध्ये २१८ टर्मिनलला जातोय, रिलेवाला २१९ झालाय. मग २१९ कुठे गेला बघितलं तर तो २२०." आणि तिथे माझ्या पोटात गोळा आला. कारण नंबर पूर्णच वेगळे झाले असते ना, तर लगेच कळलं असतं. एकने सरकले म्हणजे प्रत्येक नंबर दोन्ही ड्रॉइंगमध्ये आहे, फक्त वेगळ्या वायरीवर. आणि आपल्या डीसी कंट्रोलच्या वायरी सगळ्या निळ्या, आयईसी ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तशाच घालतो आपण. लाल एसी कंट्रोलला, काळी पॉवरला, निळी डीसी कंट्रोलला. म्हणजे डक्टमध्ये निळ्यांचा नुसता भारा, त्यात रंगावरून काही ओळखायचा प्रश्नच नाही, वायरीची ओळख म्हणजे तो फेरूलवरचा नंबर. आणि तोच नंबर मी रातोरात बदलून टाकलेला.

आता ज्यांनी कधी पॅनलला हात लावला नाही त्यांना वाटेल की मग फेरूल बदला, त्यात काय. अहो, फेरूल वायरीवर आधी चढवतात, मग टोकाला लग (धातूची टोपी) दाबून बसवतात म्हणजे क्रिंप करतात, मग टर्मिनलला आवळतात. बदलायचा म्हणजे वायर सोडवा, लग कापा, जुना फेरूल काढा, नवीन चढवा, पुन्हा वायर सोला, नवीन लग क्रिंप करा. दर वेळी वायर सेंटीमीटरभर आखूड. जो चांगला वायरमन असतो ना, तो डक्टमधून नीट मोजून वायर काढतो, उगाच लूप ठेवत नाही, आणि नेमका तोच इथे मरतो, कारण त्याच्या वायरीत सोडायला काही उरलेलंच नसतं. मग पूर्ण वायर नवीन ओढा. साठेक वायरी झाल्या होत्या त्याच्या. तो काही बोलला नाही हो. नुसता पट्टीकडे बघत उभा राहिला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

हो, मला माहितेय, वायर नंबर लॉक करता येतो. सांगू नका कोणी. प्रत्येक वायरीच्या प्रॉपर्टीत जाऊन टिक करायची सोय आहे, एकदम सगळ्या सिलेक्ट करूनही करता येते. माझी चूक आहे, मान्य. पण मला एवढंच सांगा, मी रिव्हिजन रिलीज केली हे सॉफ्टवेअरला कळतं, तारीख टाकतं, टायटल ब्लॉकमध्ये नाव घालतं, फेरूलच्या प्रिंटरला फाईलसुद्धा तूच काढून दिलीस ना बाबा? मग ज्या नंबरचे फेरूल छापून खाली गेले ते नंबर आता हलवायचे नसतात हे तुला कोणी सांगायचं? याच्या दृष्टीने ड्रॉइंग म्हणजे कायम स्क्रीनवरचीच गोष्ट. खाली लोखंडाचा डबा उभा आहे, त्यात माणूस वाकून काम करतोय, हे याच्या गावीच नाही.

आणि हे एकदाच झालंय असं नाही. मागच्या महिन्यात मांडणीचं ड्रॉइंग केलं, माउंटिंग प्लेटवर सगळं कसं छान बसलं, ३५ मिलीमीटरची रेल, डक्ट, मध्ये हवा खेळायला जागा, बघून मलाच बरं वाटलं. प्रत्यक्षात दार लागेना. का? तर कोणीतरी सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत एक कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) बनवताना रुंदी उंची भरली आणि खोली शून्य सोडली. शून्य! सॉफ्टवेअरच्या हिशोबाने तो कॉन्टॅक्टर म्हणजे प्लेटवर चिकटवलेला कागद. आणि दारावरच्या पुशबटनांचे कॉन्टॅक्ट ब्लॉक नेमके त्यावरच येऊन टेकतायत. तपासणी चालवली होती का? चालवली होती. क्लॅश नाही म्हणाला. बरोबरच आहे, कागदाला कसला क्लॅश.

त्याच कॉन्टॅक्टरची अजून एक गंमत. ड्रॉइंगमध्ये मी त्याचे तीन ओपन कॉन्टॅक्ट वापरले, मूळ पीसला येतो एक ओपन आणि एक क्लोज. पार्टमध्ये कॉन्टॅक्टची माहिती नीट भरलेली असती तर हे ओरडलं असतं की बाई तुझ्याकडे एवढे नाहीत. पण माहितीच नाही म्हटल्यावर गपगुमान गिळलं. बीओएममध्ये, म्हणजे सामानाच्या यादीत, ऑक्झिलरी ब्लॉक (जादा कॉन्टॅक्टचा जोड) आला नाही, परचेसने मागवला नाही, आणि कळलं कधी, तर टेस्टिंगला पॅनल लागल्यावर. परचेसवाला मला म्हणतो, "तुमची यादी तर ऑटोमॅटिक निघते ना?" हो रे बाबा, निघते.

बरं चुका शोधायला जी तपासणी आहे तिची तर वेगळीच तऱ्हा. चालवली की चारशे बारा मेसेज. चारशे बारा! त्यातले बहुतेक काय, तर केबलच्या या कोअरचं (आतल्या वायरीचं) टोक कुठेही जोडलेलं नाही. अरे ती स्पेअर कोअर आहे, ती न जोडण्यासाठीच ठेवतात! बारा कोअरची केबल घेतली, नऊ वापरल्या, तीन राहिल्या, तर प्रत्येक स्पेअर कोअरच्या दोन्ही टोकांचा निषेध नोंदवून बसलंय. ते बंद करता येतं, पण बंद केलं की खरंच विसरलेली वायरही दिसत नाही. मग काय करणार, स्क्रोल करत बसा. त्या ढिगाऱ्यात मधेच कुठेतरी दोनशे ऐंशीव्या ओळीला एकच खरी चूक, दोन टर्मिनलना तोच नंबर. ती मला सापडली नाही. साईटवर सापडली. दुसऱ्याला.

आणि ड्रॉइंगमध्ये उपकरणांना द्यायची नावं! आमच्या सगळ्या जुन्या टेम्प्लेटमध्ये कॉन्टॅक्टर म्हणजे के. हा कस्टमर म्हणतो आयईसी ८१३४६ प्रमाणे हवं, म्हणजे मोटर चालवणारा कॉन्टॅक्टर क्यूए, आणि नुसते सिग्नलचे रिले तेवढे के. तत्त्वतः बरोबर आहे त्याचं, मी भांडत नाही. पण मग बदलायला बसले. के५ शोधा, क्यूए५ टाका. त्याने के५ बरोबर के५०, के५१, के५२ पण उचलले, ते सगळे साधे रिले होते, ते पण आता क्यूए. पूर्ण शब्द जुळवा असं टिक करायचं राहिलं होतं. परत माझीच चूक. या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या चुका माझ्याच असतात, त्याची म्हणून एक पण नसते, फक्त प्रत्येक ठिकाणी एक टिक राहिलेली असते.

वर म्हणतात एक्सेलमध्ये काढा, एक्सेलमध्ये बदला, परत आत घ्या, सोपं आहे. टर्मिनलचं नाव आहे १-२. एक्सेलने त्याची तारीख केली. उपकरणाचं नाव सुरू होतं वजा चिन्हाने, म्हणजे आपण रिकाम्या सेलमध्ये वजा के१ टाईप केलं की एक्सेलला वाटतं के१ नावाच्या सेलची उणे किंमत हवीय, आणि ते आपल्याला प्रेमाने शून्य लिहून देतं. आणि पूर्ण नाव तर बरोबरच्या चिन्हानेच सुरू होतं, म्हणजे त्याच्या लेखी फॉर्म्युलाच. मी एकदा अख्खी रिलेची कॉलम शून्य झालेली बघितलीय. ज्यांनी हे नामकरण ठरवलं आणि ज्यांनी एक्सेल बनवलं ते एकमेकांशी कधी बोलले असतील असं वाटत नाही.

लायसन्सबद्दल मी आज बोलणार नाही. तीन सीट, सहा माणसं, एकजण फाईल उघडी ठेवून मीटिंगला. एवढंच.

याहून जास्त राग मला येतो तो "एका क्लिकवर" या शब्दांचा. डेमोमध्ये कोणीतरी एक क्लिक करून टर्मिनल प्लॅन, केबल शेड्यूल, बीओएम, फेरूल लिस्ट सगळं काढून दाखवलं, आणि तेव्हापासून वरच्या लोकांच्या डोक्यात ते बसलंय. त्या क्लिकच्या आधी कोणीतरी महिनोन्महिने एकेक पार्ट भरत बसलं होतं हे डेमोत दिसत नाही. आमच्याकडे पार्ट भरायला वेळ द्या म्हटलं की उत्तर येतं, अहो मग सॉफ्टवेअर कशाला घेतलं. त्यामुळे प्रत्येकजण आपल्या प्रोजेक्टपुरता घाईत भरतो, जेवढं पुढे जायला लागतं तेवढंच, आणि तो शून्य खोलीचा कॉन्टॅक्टर पुढच्या माणसासाठी ठेवून जातो. मी पण केलंय, खोटं का बोलू. एका पॉवर सप्लायचं वजन मी दहा किलो टाकलंय कारण फील्ड रिकामं सोडू देत नव्हतं.

तर काल शेवटी काय केलं. वायरमनला म्हटलं तू काही सोडू नकोस, जे घातलंय तेच खरं, मी ड्रॉइंग मागे आणते. जुनी पीडीएफ एका स्क्रीनवर, प्रोजेक्ट दुसऱ्या स्क्रीनवर, आणि एकेक नंबर हाताने परत टाईप. रात्री नऊ वाजले. बॅकअप का नाही घेतला म्हणाल, तर घेतला होता, पण मधल्या वेळात त्याच प्रोजेक्टमध्ये दुसऱ्याने शीट २२ वर काम केलं होतं, परत गेले असते तर ते गेलं असतं. प्रत्येक नंबर टाकायचा, लॉकला टिक, पुढचा. टाकायचा, टिक, पुढचा. नवीन वायरीला मुद्दाम ९०१ दिला, म्हणजे कोणत्याच नंबरच्या रांगेत यायला नको.

आज टेस्टिंगवाल्याने विचारलं, हा मध्येच ९०१ कुठून आला, बाकी सगळे दोनशेत आहेत. मी म्हटलं तू फक्त कंटिन्युटी बघ, बाकी विचारू नकोस.