सगळं हिरवंगार

आमच्या अंधेरीच्या स्टुडिओत पूर्वी आवाज कुठून येतो ते हाताने दाखवता यायचं. बूथमधला माइक, त्याची केबल भिंतीतून पॅचबेवर, म्हणजे तारा हव्या तशा जोडायच्या फळीवर, तिथून कन्सोलवर. आवाज गेला की केबल हलवून बघायची. खरखरली की चोर सापडला. सोल्डरिंग गन तापेपर्यंत चहा यायचा आणि चहा संपेपर्यंत काम व्हायचं.

मग शेठ एका प्रदर्शनाला गेले आणि परत आले ते "आता सगळं नेटवर्कवर!" असं म्हणतच. सिडनीच्या ऑडिनेट कंपनीचं ‘डांटे’ नावाचं तंत्र, साध्या कॉम्प्युटरच्या केबलमधून आवाज पळवणारं. गिगाबिटच्या एका तारेतून ५१२ चॅनेल जातात आणि तेवढेच परत येतात, हे शेठ आल्यागेल्याला सांगू लागले. आमच्याकडे डबिंग होतं. बूथमध्ये एका वेळी एक माणूस उभा राहतो आणि त्याच्यासमोर एक माइक असतो. उरलेल्या ५११ चॅनेलचं काय करायचं, हे शेठना विचारायची कुणाची छाती नव्हती.

पॅचबे गेला आणि त्याच्या जागी स्क्रीनवर चौकटी आल्या. वर आवाज देणाऱ्यांची रांग, डावीकडे घेणाऱ्यांची. हव्या त्या चौकटीत टिचकी मारली की बरोबरची हिरवी खूण उमटते. या जोडण्या नावावर चालतात. ‘बूथ-१’ नावाच्या खोक्याकडून आवाज घे, असं कन्सोलला एकदा सांगितलं की तो त्याच नावाचा माग काढत बसतो. दसऱ्याला आमच्या मंग्याने सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू लावला. स्विचच्या, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या खोक्याच्या, जाळीत एक पाकळी गेली ती गेलीच. इथवर ठीक होतं. पण भक्तीच्या भरात त्याने बूथमधल्या खोक्याचं नाव बदलून ‘जय-सरस्वती-माता’ ठेवलं. (नावात जागा सोडता येत नाही, म्हणून आडव्या रेघा.) दुसऱ्या दिवशी सकाळी कन्सोल ‘बूथ-१’ला हाका मारतोय आणि सरस्वती गप्प.

माइकचा गेन, म्हणजे तो आवाज किती जोरात उचलतो ते, वाढवायचं बटणही यंत्रावर राहिलं नाही, टॅबमध्ये गेलं. टॅब वाय-फायवर, आणि वाय-फायवर शेठचा पुतण्या सिनेमे उतरवतोय. बूथमध्ये नट कुजबुजतोय, मी गेन वाढवतोय, काहीच होत नाही म्हणून आणखी वाढवतोय. तेवढ्यात पुतण्याचा सिनेमा उतरून होतो आणि अडकलेले हुकूम एकदम पोचतात. नेमका तेव्हाच नट ओरडतो.

हेही चालवून घेतलं असतं. खरा जाच घड्याळाचा. व्हिडिओच्या कामात आवाजाचे सेकंदाला ४८,००० तुकडे होतात, म्हणजे एकेक तुकडा जेमतेम २१ मायक्रोसेकंदांचा. नेटवर्कवरच्या सगळ्या खोक्यांनी ते एकाच ठेक्यात मोजायचे, तर कुणाचं तरी घड्याळ प्रमाण धरावं लागतं. ते कुणाचं, हे खोकी आपापसांत ठरवतात. आमच्या सोसायटीत सेक्रेटरी निवडायला तीन सभा लागतात आणि शेवटी जो गैरहजर असेल त्याच्या गळ्यात माळ पडते. इथे निवडणूक काही सेकंदांत उरकते. लाखांची यंत्रं हजर असताना आमच्याकडे हा मान मिळाला टॉकबॅकच्या, म्हणजे कंट्रोल रूममधून बूथशी बोलायच्या, खोक्याला. आणि जाता-येता नेमकं तेच खोकं बंद करायची मंग्याला सवय. मग पुन्हा निवडणूक.

त्यातच शेठनी स्विच बदलला. जुना तापतो म्हणून लॅमिंग्टन रोडवरून नवा आणला, अर्ध्या किमतीत. खोक्यावर हिरवं पान आणि ‘वीज वाचवा’.

त्या दिवशी डबिंगला एक ज्येष्ठ अभिनेत्री होत्या. मालिकेतली सासू, रडण्याचा सीन. पहिलाच टेक सुरेख. ऐकतो तर मध्येच ‘टिक्’. दुसरा टेक, पुन्हा ‘टिक्’. स्क्रीनवर मात्र हिरव्या खुणा जागच्या जागी. यंत्राच्या मते सगळं छान चाललेलं. तोंड कोरडं पडलं की बोलताना जीभ चटचटते, आणि त्यावर आमच्या धंद्यातला उतारा म्हणजे हिरवं सफरचंद. मंग्या पळत जाऊन घेऊन आला. ताईंनी सावकाश खाल्लं, पुन्हा रडल्या. टिक्. आणखी एक सफरचंद. टिक्.

"अरे बाळा," त्यांनी बूथमधून हळूच विचारलं, "माझी कवळी वाजतेय का रे?"

कंट्रोल रूममधल्या स्पीकरवर हळूच असं काही नसतं. दिग्दर्शक, चॅनेलची मुलगी, शेठ, सगळ्यांनी एकदम आपापले मोबाइल काढले.

"नाही हो ताई, तुमचं काही नाही," मी म्हटलं. पण त्या जुन्या शिस्तीच्या. कवळी काढून त्यांनी अख्खा टेक दिला. ‘टिक्’ तशीच राहिली, सासू मात्र वीस वर्षांनी म्हातारी झाली. दिग्दर्शक म्हणाला, "हाच ठेवू या का?"

शेवटी मी लॉग उघडला. बूथचं खोकं मधूनच ठेका सोडत होतं, स्वतःला म्यूट करून घेत होतं आणि लगेच परत येत होतं. करामत त्या हिरव्या पानाची. २०१० साली इथरनेटच्या नियमांत वीजबचतीची सोय आली: तारेतून काही जात नसेल तेवढा वेळ डुलकी घ्यायची. ऑफिसच्या ईमेलचं त्याने काही बिघडत नाही. घड्याळाचा निरोप मात्र डुलकी मोडेपर्यंत शिळा होतो. ही सोय बंद ठेवा, असं डांटेवाले स्पष्ट सांगतात. पण शेठच्या स्विचला ती बंद करायची सोयच नव्हती. जुना स्विच माळ्यावरून काढला, झटकला, दसऱ्याची पाकळी खाली पडली. जोडला. ‘टिक्’ गेली. ताईंनी कवळी घातली आणि एका टेकमध्ये सीन संपवला.

संध्याकाळी शेठना सगळं समजावून सांगितलं. घड्याळ, डुलकी, मायक्रोसेकंद. त्यांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि विचारलं, "ते सगळं ठीक. पण वीज किती वाचली?"

मी त्यांच्यापुढे सफरचंदांचं बिल ठेवलं.