कादंबरीचा शेवट मी सांगितला नव्हता

आदरणीय ताई, सविनय नमस्कार.

आमच्या दुकानातून आपण भाड्याने नेलेल्या मनोवैज्ञानिक रहस्यकादंबरीविषयीचा आपला अभिप्राय मी वाचला. पहिली शंभर पाने रेंगाळतात, शेवटी धक्का बसत नाही, आणि दुकानदाराने पुस्तक देतानाच गुपित फोडल्यामुळे सगळी मजा गेली, असे आपण लिहून पाचपैकी दोन तारे दिले आहेत. माझ्या बोलण्याने आपल्या वाचनाचा विरस झाला असेल, तर मी मनापासून क्षमा मागतो.

तथापि ‘गुपित फोडले’ हे शब्द मला फार लागले. वरूड-मोर्शीच्या या संत्रापट्ट्यात शालेय वह्यांच्या जोडीने कथा-कादंबऱ्या ठेवणारे दुकान चालवणे किती कठीण आहे, हे आपण जाणता. ज्याच्या तोंडी रहस्य टिकत नाही अशी ख्याती झाली, तर रहस्यकथा मागायला माझ्याकडे कोण येईल? त्या दिवशी बाजार होता आणि दुकानात गर्दी होती. ‘खुनी कोण ते लगेच कळत नाही ना?’ असे आपण विचारलेत, त्यावर ‘कथा सांगणाऱ्या नणंदेच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवू नका’ एवढे एकच वाक्य मी बोललो. हे गुपित नव्हे. ‘तिला सगळे खरेच आठवते का?’ हा प्रश्न पुस्तकाच्या मलपृष्ठावर ठळक अक्षरांत छापलेला आहे.

आमची पिढी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या रहस्यकथा वाचून मोठी झाली. तिथे संशय इतर पात्रांवर घ्यायचा असतो, कथा सांगणाऱ्यावर नाही. मनोवैज्ञानिक कादंबरीत मात्र गुन्हा कोणी केला यापेक्षा सांगणाऱ्याचे मन काय लपवते आहे, आणि ते स्वतःपासूनही लपवते आहे का, हाच खरा प्रश्न असतो. आपल्याला कंटाळवाण्या वाटलेल्या शंभर पानांतच त्याची पेरणी आहे. वहिनी विहिरीत पडली त्या संध्याकाळी मुसळधार पाऊस होता असे नणंद आरंभी सांगते, आणि पुढे त्याच संध्याकाळी दोरीवरचे कपडे कोरडे काढून घडी घालते. मी ही कादंबरी दोनदा वाचली आणि दुसऱ्या वेळी त्या कपड्यांपाशी थांबून मागची पाने पुन्हा उलटली. असा वाचनाचा आनंद आपल्याला लाभावा, एवढ्याच इच्छेने मी ते वाक्य बोललो होतो. शेवट मी तेव्हाही सांगितला नाही आणि इथेही सांगत नाही.

एक गोष्ट लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. पैसे देण्यापूर्वी आपण काउंटरपाशी उभ्यानेच शेवटची दोन-तीन पाने चाळलीत. ते मी पाहिले होते. गिऱ्हाइकाला टोकणे बरे नव्हे म्हणून गप्प राहिलो. चारचौघांत याचा उल्लेख करणे मला अवघड जाते, परंतु धक्का न बसण्याचा सारा दोष माझ्या एका वाक्यावर आला, म्हणून नाइलाजाने लिहावे लागले.

भाडे जास्त असल्याचेही आपण म्हटले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 खाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना शासनाचे अनुदान असते. आमचे खासगी दुकान आहे, त्याला ते नाही. पुस्तके पार्सलने मागवावी लागतात आणि एक प्रत फाटली की तिचा खर्च आमच्याच अंगावर पडतो. तरी भाड्याचा विचार करू.

यापुढे कोणी विचारल्याशिवाय पुस्तकाविषयी काही बोलायचे नाही, असे मी ठरवले आहे, आणि काउंटरवर बसणाऱ्या माझ्या मुलालाही तसे सांगितले आहे. रहस्यकथांची मांडणीही जमेल तशी सुधारू. आपली अनामत रक्कम आमच्याकडे जमा आहे. ती न्यायला याल तेव्हा आवडेल ती दुसरी कादंबरी घेऊन जा, तिचे भाडे मी घेणार नाही. बाजाराच्या दिवशी दुकान रात्री आठपर्यंत उघडे असते.

आपला नम्र,
दुकानमालक