दोन मीटर

सॅक अजून बाल्कनीतच आहे. तीनदा धुतली, एकदा लिंबूही चोळलं. बायको म्हणते, "फेकून दे." मी फेकणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

इक्वेडोरच्या गालापागोस बेटांच्या सहलीचा शेवटचा दिवस. सान क्रिस्तोबाल बेट, दुपारचं ग्वायाकीलचं विमान, हातात चाळीस मिनिटं. समुद्राकाठच्या बाकावर सॅक ठेवली, वाकून बुटाची नाडी बांधली आणि वर बघतो तर सी लायनची, म्हणजे समुद्रसिंहाची, एक मादी बाकावर आडवी. माझी सॅक तिच्या उशाला. सॅकमध्ये पासपोर्ट.

हात पुढे केला तोच गाइड ओरडला, "टू मीटर्स!"

इथं कुठल्याही प्राण्याच्या दोन मीटरच्या आत जायचं नाही. प्राणीच जवळ आला तर आपण मागे सरकायचं. नियम चांगला आहे, आठवडाभर मीच तो लोकांना ऐकवत होतो. फक्त सॅकला मागे सरकता येत नाही, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

आता आमच्या ग्रुपमधले साताऱ्याचे काका. मोजणी खात्यातून निवृत्त. सहा दिवस इग्वाना सरड्यांशेजारी सेल्फी काढताना रोज गाइडच्या शिव्या खाल्लेल्या. शेवटच्या दिवशी मात्र त्यांना उपरती झाली. त्यांनी खिशातून स्टीलचा टेप काढला. सहलीला टेप कोण आणतं?

"थांबा, घाई नको. दोन मीटर म्हणजे नक्की कुठपासून?"

"काका, पासपोर्ट आहे आत."

"तो कुठं पळून जातोय? सर! टू मीटर्स फ्रॉम नोज ऑर फ्रॉम टेल?"

गाइडला हे आजवर कुणी विचारलं नसावं. तो जरा विचार करून म्हणाला, "फ्रॉम द अ‍ॅनिमल."

"ते झालं हो. पण मिशा धरायच्या का? मिशा मूळ मिळकतीत की अतिक्रमणात?" हे मला, मराठीत.

मोजायचं तर जवळ जायला हवं, आणि जवळ जायला तर मनाई. काकांनी दिव्याच्या खांबापासून उलटं मोजलं, टेपचं एक टोक मला धरायला लावलं (माझ्याच सॅकसाठी!), बुटाच्या टाचेनं फरशीवर रेघ ओढली आणि मला रेघेमागे उभं केलं. तेवढ्यात बाईंनी कूस बदलली.

"हद्द सरकली! मागे व्हा."

मी मागे झालो. ती शिंकली. दोन मीटर हे अंतर शिंकेला पुरत नाही, हे कुणीतरी त्या नियमात लिहायला हवं. एव्हाना एक डच जोडपं माझे फोटो काढत होतं. तिचे नव्हे, माझे.

डार्विन 1835 साली याच बेटावर पहिल्यांदा उतरला. पुढं या बेटांवर तो कासवांच्या पाठीवर बसला, इग्वानाची शेपूट ओढली, एकाला पुन्हापुन्हा समुद्रात फेकून बघितलं. त्याचं शास्त्र झालं. मी माझी सॅक मागतोय. बरं, प्रवेशाचे दोनशे डॉलर भरलेत मी. 2024 च्या ऑगस्टपर्यंत शंभर होते. आणि इथल्याच सांताक्रूझ बेटावरच्या मासळीबाजारात कट्ट्याशी लुडबुडणाऱ्या सी लायनला विकणारी बाई सरळ ढकलते, हे चार दिवसांपूर्वीच पाहिलेलं. तिला कुणी मीटर सांगत नाही. म्हणजे नियम फक्त पैसे भरणाऱ्याला. आपल्याकडे टोलचं तेच आहे, पण ते असो.

पंचवीस मिनिटांनी कुठूनशी पिल्लाची हाक आली आणि बाई उठल्या. सॅक ओली होती. कशानं, ते मी विचारलं नाही.

व्हॅनमध्ये गाइडच्या टिपेचं पाकीट फिरलं. माझ्याकडे देताना काका कानात म्हणाले, "तुम्ही दहा जास्त टाका. तुमच्यावर त्याचा वेगळा वेळ गेलाय." मी टाकले. का टाकले, कळत नाही.

काल काकांनी ग्रुपवर एक कागद टाकला. पेन्सिलनं काढलेला नकाशा, खाली प्रमाण, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. चतुःसीमा: पश्चिमेस समुद्र, पूर्वेस रस्ता, दक्षिणेस दिव्याचा खांब, उत्तरेस हरकतदार.

हरकतदार म्हणजे मी. सतरा जणांनी अंगठे दाखवलेत.