चौकशी समितीवर नेमणूक झाली? मग एवढं कराच

हॉस्पिटलच्या वॉर्डात काहीतरी चुकलंय आणि तुम्हाला समितीवर घेतलंय? घाबरू नका. चूक का झाली हे शोधायचं नाहीये, कुणाच्या ड्युटीत झाली एवढंच शोधायचंय. ते ड्युटी रजिस्टरमध्ये असतं. चहा येईपर्यंत उरकेल.

समजा, नाइटच्या सिस्टरकडून भलतंच इंजेक्शन गेलं. दोन्ही ॲम्प्युल, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुप्या, दिसायला सारख्या, ट्रे एकच, वर ट्यूबलाइट फडफडतेय. हे अहवालात आणू नका. चुकून थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पाडणारं पोटॅशियम क्लोराइड वेगळं, कुलपात ठेवा असं लिहिलंत की कपाट आलं, कपाटाला मंजुरी आली, मंजुरीला तीन कोटेशनं आली. मेमोला कागद एक पुरतो.

खुलासा मागवा. ती लिहील, वॉर्डात चाळीस पेशंट होते आणि मी एकटी. साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, हे भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकताना तिच्याकडून पाठ करून घेतलेलं असतं, त्याला आपण काय करणार? शेरा मारा : ‘खुलासा असमाधानकारक’. समाधानकारक खुलासा अजून कुणाला जमलेला नाही.

सिस्टर कायम असेल तर १९७९ चे शिस्त व अपील नियम चाळावे लागतील. कंत्राटी असेल तर तेही नको. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ ला नवजात कक्षातल्या आगीत १० बाळं गेली. साहेब निलंबित झाले, नाही असं नाही. पण कंत्राटी सिस्टरांची नोकरीच गेली आणि पुढच्या महिन्यात गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. त्याच नोव्हेंबरात नगरच्या आयसीयूला आग लागली, तेव्हाही सुरुवातीला अटक कुणाला? एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. वायरिंगला नोटीस बजावता येत नाही, हीच खरी अडचण.

सुधारणेची संधीही द्यायची असते बरं का. तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ‘रुग्णांशी सौजन्याने वागा’ यावर दोन तासांचं व्याख्यान ठेवा, ग्रुप फोटो काढा, आणि रात्री तिला त्याच वॉर्डात, त्याच ट्रेसमोर पाठवा.

एखादी वेडी स्वतःहून येऊन सांगेल, ‘मॅडम, डोस दुप्पट गेला होता, लगेच लक्षात आलं, पेशंट बरा आहे.’ हिला मात्र सोडू नका. हिलाच मेमो द्या, तोही सगळ्यांसमोर. वर्षभरात तुमचं चुकांचं रजिस्टर कोरं होईल. तपासणीला आलेले विचारतील, ‘तीनशे खाटा आणि चूक एकही नाही?’

छाती पुढे काढून सांगा, ‘शिस्त आहे आमच्याकडे.’