खुलासा: वॉट, किटली आणि बोल्टनचं पत्र
किटलीचं झाकण उडताना पाहून जेम्स वॉटने वाफेचं इंजिन शोधलं, असा मजकूर पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे. थॉमस न्यूकोमेन या इंग्रज कारागिराचं वाफेचं इंजिन १७१२ मध्येच खाणीतलं पाणी उपसत होतं. वॉटने १७६५ मध्ये वाफ थंड करायला वेगळं पात्र योजलं, त्यामुळे कोळसा प्रचंड वाचला. शोध मोठाच, पण वेगळा.

आणि वॉटचा पुढचा भागीदार, बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन, याला विसरणं तर अन्यायच. त्याला वॉटची इंजिनं बनवायचा परवाना इंग्लंडमधल्या फक्त तीन परगण्यांपुरता देऊ केला होता. फेब्रुवारी १७६९ च्या पत्रात त्याने वॉटला कळवलं, की तेवढ्यासाठी इंजिनं बनवणं परवडणार नाही. साऱ्या जगासाठी बनवायची तर जरूर परवडेल. पुढे दोघं खाणमालकांकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घेत. इंग्लंडच्या कॉर्नवॉल या खाणींच्या भागात त्याच वसुलीवरून तंटे झाले.