साध्या व्हीजीए-एचडीएमआय केबलने टीव्ही लागत नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या लॅपटॉपच्या निळ्या व्हीजीए पोर्टला साधी व्हीजीए-एचडीएमआय केबल जोडा, टीव्हीवर चित्र आणि आवाज दोन्ही येतील.’ गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे, आणि ज्यांनी माझ्यामुळे केबल घेतली त्यांची मी माफी मागते.

रविवारी तीच केबल आमच्या टीव्हीला लावून पाहिली. एचडीएमआय १, २ दोन्ही पोर्ट बदलून पाहिले, पडद्यावर ‘नो सिग्नल’च. कारण सरळ आहे. १९८७ साली आलेल्या व्हीजीएमधून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतो, टीव्हीच्या एचडीएमआयला डिजिटल लागतो. नुसत्या तारेने हा बदल होत नाही. त्यासाठी आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. त्याला बहुतेक वेळा यूएसबीमधून वीज द्यावी लागते. शिवाय व्हीजीएमधून आवाज जातच नाही, म्हणून कन्व्हर्टरची बारीक ऑडिओ पिन लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घालायची. शेजाऱ्यांकडून असा कन्व्हर्टर आणून जोडला, तेव्हा चित्रही आलं, आवाजही.

घेताना दिशा मात्र नक्की बघा: ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ हवा. ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ हुबेहूब तसाच दिसतो, पण उलटा चालत नाही.

लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असेल, तर यातलं काहीच नको, साधी एचडीएमआय केबल पुरते.

कृपया तो जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथे हा खुलासा टाका.